मोठे खेळाडू कॅमेऱ्यासमोर 'हे माझं स्टँडर्ड नाही' असं बोलतात ते खरं असतं का? बहिणीसाठी विचारतोय

सातपूरचा_दादा:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सॉरी.

धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे, १५०० आणि ३००० मीटर पळते. परवा राज्य स्पर्धेत १५०० ला तिसरी आली, टाइमही तिचा आत्तापर्यंतचा बेस्ट, म्हणजे खरं तर घरात पेढे वाटायचा विषय. पण रेस संपल्या संपल्या एका यूट्यूब चॅनलवाल्याने तोंडासमोर माइक धरला आणि ही म्हणाली, "मी अजिबात समाधानी नाहीये, हे माझं स्टँडर्ड नाही, मी तिसऱ्या नंबरासाठी पळत नाही." झालं. क्लिप फॅमिली ग्रुपवर. काका म्हणाले पोरगी आत्ताच डोक्यावर चढली, आत्या म्हणाली मुलीच्या जातीने एवढं बोलायचं कशाला, आणि चौथ्या आलेल्या मुलीच्या घरच्यांना वाटलं आमच्या पोरीला हिणवलं. तिचे कोच सर काहीच बोलले नाहीत, दोन दिवस सुट्टी घे म्हणाले आणि निघून गेले, त्याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिला विचारलं तर म्हणते सगळे मोठे प्लेयर असंच बोलतात. फोन उघडून दाखवला मला, कोहली, नीरज, रोनाल्डो, कोबी ब्रायंट, प्रत्येकाचं अर्ध्या मिनिटाचं भाषण आणि मागे धडाधड म्युझिक. आणि आता रोज रात्री इन्स्टाला स्टोरी टाकते, "आजचे मार्क ६/१०", "आज ४/१०, नो एक्स्क्यूज". मैत्रिणी खाली आगीचे इमोजी टाकतात. मार्क कमी असले की त्या दिवशी जेवताना पण तोंड उघडत नाही.

मला स्वतःला खेळातलं फार कळत नाही, मी इथे नाशिकला अंबडच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि तिला सकाळी ग्राउंडवर सोडतो एवढाच संबंध. हे लोक खरंच स्वतःबद्दल एवढे कडक असतात की पीआरवाला लिहून देतो? आणि तिने असं चारचौघात बोलावं का गप्प बसावं?

---

मिसळ_आधी_मग_पळू:

आधी काकांना म्हणा गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर १५०० मीटर नुसतं चालून दाखवा, मग चढली का उतरली ते बघू 😄

बाकी मुलाखतींचं म्हणाल तर मी आता ऐकणंच बंद केलंय. जिंकला तरी प्रोसेस, हरला तरी प्रोसेस, एक एक मॅचचा विचार करतोय, टीमसाठी योगदान द्यायचंय. एकाच घाण्यातली भजी सगळी. तुमच्या बहिणीने निदान काहीतरी वेगळं बोलून दाखवलं, तिसरी आली म्हणून अभिनंदन सांगा तिला आमच्याकडून.

---

जुना_क्रॉसकंट्री:

दादा, मी युनिव्हर्सिटीपर्यंत पळालोय, आता शनिवार-रविवार पोरांना पळवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी बहीण जे बोलली त्यात प्रॉब्लेम समाधानी नाही म्हणण्यात नाहीये. समाधानी नसणं चांगलंच आहे. प्रॉब्लेम असा की तिने तिचं स्टँडर्ड नंबरात सांगितलं, आणि नंबर तिच्या हातात नसतो ना. बाजूच्या लेनमध्ये कोण येऊन उभं राहील ते थोडीच आपण ठरवतो. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचंच घे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरला ब्राँझ, टाइम ३३:०५.२८. दीडच महिन्यात ग्वांगझूला एशियन गेम्स, तिथे पळाली ३१:५१.४४, मिनिटभराहून जास्त फरक. आणि तरी सिल्व्हर, कारण प्रीजा श्रीधरन ३१:५०.४७ पळाली. पंचवीस राउंड मारून एका सेकंदाच्या आत गोल्ड गेलं. आता सांग, ती स्टँडर्डच्या वर पळाली का खाली? नंबरने बघितलं तर हरली, घड्याळाने बघितलं तर आयुष्यातली भारी रेस.

आणि मोठे लोक तिला वाटतं तसं बोलत नाहीत, रीलमध्ये तेवढंच कापून लावलेलं असतं. नीरज चोप्राचं पॅरिस ऑलिंपिक आठव, भालाफेक. सहापैकी पाच थ्रो फाउल, एकच धरला, तो ८९.४५, त्यावर सिल्व्हर. नंतर तो काय बोलला? मांडीच्या सांध्याच्या दुखापतीकडे लक्ष जात होतं, थ्रो करताना मनात तीच भीती, रनअपचा स्पीड पाहिजे तसा येत नव्हता, असं. म्हणजे कुठे कमी पडलो त्याचा पत्ता दिला त्याने. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ फेकला ते पण मान्य केलं, आजचा दिवस त्याचा होता म्हणाला. पुढच्या मे महिन्यात दोहाला नीरजने ९०.२३ फेकला, एवढी वर्षं लोक ९० कधी ९० कधी करून डोकं खात होते तो ९० झाला, आणि त्याच दिवशी जर्मनीच्या वेबरने शेवटच्या थ्रोला ९१.०६ मारून पहिला नंबर नेला!! मग काय म्हणायचं, ९० चा आनंद करायचा नाही का? आणि २०२५ च्याच सप्टेंबरमध्ये टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तोच माणूस ८४.०३ वर आठवा. असं असतं.

मी माझ्या पोरांना सांगतो, माइक आला तर रेसबद्दल बोला, स्वतःबद्दल नको. "तिसऱ्या लॅपला मी ढिली पडले, पुढच्या वेळी तिथे धरून ठेवायचंय" हे म्हटलं असतं तरी अर्थ तोच होता, पण कोणाला लागलं नसतं आणि पुढच्या रेसला तिला स्वतःलाच तपासता आलं असतं, तिसरा लॅप धरला का नाही धरला.

सर गप्प बसले त्याचं जास्त मनावर घेऊ नका. जुने कोच असेच असतात, मनातून खूश असतील.

---

वजीर_बळी_देतो:

मी बुद्धिबळवाला, तर आमच्याकडचं सांगतो.

विदित गुजराथी नाशिकचाच, हे इथे कोणाला सांगायला नको. २०२३ ची ग्रँड स्विस, आइल ऑफ मॅनला. पहिल्याच राउंडला हरला, डच खेळाडू अर्विन लामीकडून. अकरा राउंडची स्पर्धा, पहिलीच गेम गेली. त्या रात्री कोणी माइक धरला असता आणि तो म्हणाला असता हे माझं स्टँडर्ड नाही, तर दुसऱ्या दिवशी पटावर बसताना ते वाक्य पण शेजारी येऊन बसलं असतं. उरलेल्या दहा गेममध्ये साडेआठ पॉइंट काढले आणि स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला गेला, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेला. तिथे २०२४ ला टोरंटोला अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवलं, दोनदा!, आणि तरी शेवटी १४ पैकी ६ पॉइंट. एकाच स्पर्धेत दोन्ही दिसलं. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडचं टीम गोल्ड.

गुकेशचं पण बघा, २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला वर्ल्ड चॅम्पियन झाला, अठराव्या वर्षी, आणि प्रेस कॉन्फरन्सला म्हणाला वर्ल्ड चॅम्पियन झालो म्हणजे मी सगळ्यात बेस्ट प्लेयर झालो असं नाही, तो मॅग्नस कार्लसन आहे. याला मी म्हणतो स्टँडर्ड. गुर्मी पण नाही आणि उगीचची नम्रता पण नाही, सरळ हिशोब.

आता मार्कांबद्दल. आमच्यात प्रत्येकाचं रेटिंग जगाला दिसतं, आता तर लाइव्ह दिसतं, गेम संपली की वर-खाली. मी क्लासला येणारी पोरं बघतो, काही पोरं रेटिंग जाईल म्हणून खेळायचंच टाळतात, स्पर्धेला नाव देऊन काढून घेतात. सगळ्यांसमोर रोज स्वतःला मार्क देणं हे तसंच होणार. एक दिवस ती खरे मार्क लिहायची बंद होईल नाहीतर पळायची. मार्क द्यायचे तर वहीत द्या, वही कोचला दाखवा. इन्स्टावर कशाला?

---

मनमाड_जंक्शन:

सगळ्यांचं वाचलं, पटलं पण आणि नाही पण पटलं.

भो, एक गोष्ट कोणीच बोललं नाही. हेच वाक्य एखाद्या पोराने टाकलं असतं ना तर त्याच फॅमिली ग्रुपवर वाघ आहे वाघ आमचा असे मेसेज आले असते. कोहली मैदानावर शिव्या घालतो तर ती पॅशन, आणि ही पोरगी म्हणाली मला तिसरा नंबर नको तर चढली. जुना_क्रॉसकंट्री भाऊ तुमचं टेक्निकल बरोबर असेल पण तुम्ही पण शेवटी तिलाच शिकवताय कसं बोलायचं, काकांना कोण शिकवणार?

कविता राऊत, सावरपाडासारख्या पाड्यावरून आलेली पोरगी, अनवाणी पळायची, तिला कोणी माइक दिला होता? मेडल आल्यावर सगळे आले फुलं घेऊन. टेनिसवाल्या नाओमी ओसाकाने २०२१ ला फ्रेंच ओपनमध्ये सांगितलं मला मॅचनंतर प्रेससमोर बसायचं नाही, डोक्याला त्रास होतो, तर १५ हजार डॉलर दंड लावला आणि शेवटी तिने स्पर्धाच सोडली. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकला फायनल सोडली कारण हवेत असताना शरीर कुठे आहे तेच कळेना, मान मोडली असती, तर तिला पळपुटी म्हणणारे कमी नव्हते. तीन वर्षांनी पॅरिसला तीन गोल्ड घेऊन गेली. बोललं तरी शिव्या, गप्प बसलं तरी शिव्या. मग बोलू द्या की.

माझं मत, क्लिप डिलीट वगैरे करायला सांगू नका कोणाला. चौथ्या आलेल्या पोरीला फक्त एक फोन करू द्या, ते जमून जाईल, रनर लोकं आपसात बरी असतात.

---

डेस्कवरचा_माणूस:

बरीच वर्षं क्रीडा पानावर काम केलंय, आता सोडलं. पीआर लिहून देतो का या प्रश्नाचं उत्तर, थोडं हो आणि बरंचसं नाही.

मोठ्या स्पर्धेत खेळाडू मैदानातून बाहेर येतो ती वाटच पत्रकारांच्या मधून जाते, मिक्स्ड झोन म्हणतात त्याला. घामाने निथळतोय, श्वास लागलाय, आणि पहिला प्रश्न कायम तोच, कसं वाटतंय. त्या वेळी माणूस दोनच गोष्टी करू शकतो, एक तर पाठ केलेलं बोलतो नाहीतर तोंडातून काहीतरी निघून जातं. पाठ केलेलं बोलतात म्हणून आपण हसतो, पण ते स्वतःला वाचवायला असतं. तुमच्या बहिणीकडे पाठ केलेलं होतं ते रीलमधलं, तेच निघालं.

खरं बोलणं उशिरा येतं. कोहली २०१४ ला इंग्लंडमध्ये दहा इनिंगमध्ये १३४ रन करून आला, तेव्हा आपल्याला डिप्रेशनसारखं झालं होतं, भोवती माणसं असून एकटं वाटायचं, हे त्याने पॉडकास्टवर सांगितलं २०२१ ला! मधे २०१८ ला त्याच इंग्लंडमध्ये ५९३ रन करून झाले होते. २०२२ ला आशिया कपच्या आधी म्हणाला महिनाभर बॅटला हात लावला नाही, जोश आहे असं उसनं दाखवत होतो असं लक्षात आलं. ही मुलाखत तुमच्या बहिणीच्या फोनमध्ये आहे का बघा, नसणार. तिथे फक्त मूठ आवळलेला कोहली असणार. फेडररचं २०२४ चं डार्टमथ कॉलेजमधलं भाषण पण तसंच, १५२६ मॅचेस खेळलो, जवळपास ऐंशी टक्के जिंकलो, पण पॉइंट किती टक्के जिंकले तर ५४. म्हणजे जगातला एवढा मोठा खेळाडू, साधारण दर दुसरा पॉइंट हरला. हे तो रिटायर झाल्यावर, शांतपणे, कागदावर लिहून बोलला. सेंटर कोर्टवरून बाहेर येताना नाही बोलला.

तापलेल्या डोक्याने पण चांगलं बोलणारे असतात, नाही असं नाही. बास्केटबॉलमधला यानिस, २०२३ ला त्याची टीम पहिल्या नंबरावर असून पहिल्याच फेरीत बाहेर, पत्रकाराने विचारलं हा सीझन फेल गेला का. तो चिडला, म्हणाला मायकेल जॉर्डन पंधरा वर्षं खेळला, सहा वेळा चॅम्पियन झाला, मग बाकीची नऊ वर्षं फेल का. पण असा एखादाच.

आपल्याकडे अजून एक भानगड, कोण कोणाबद्दल बोलतंय. पॅरिस ऑलिंपिकला बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन ब्राँझची मॅच पहिला गेम जिंकून हरला, लगेच त्याचे कोच प्रकाश पदुकोण सर कॅमेऱ्यासमोर म्हणाले सरकारने, फेडरेशनने सगळं दिलंय, आता खेळाडूंनी जबाबदारी घ्यावी. बॅडमिंटनचीच खेळाडू अश्विनी पोनप्पाने लगेच जाहीर विचारलं की जिंकल्यावर श्रेय घेणारे कोच हरल्यावर जबाबदारी का घेत नाहीत. मला दोघांचं थोडं थोडं पटलं होतं तेव्हा, आणि अजून पण ठरवता आलेलं नाही. पण तुमचे सर गप्प बसले हे त्या मानाने फार बरं केलं.

एक काम करा, त्या चॅनलवाल्याकडून पूर्ण व्हिडिओ मागा. मुलगी दोन मिनिटं बोलली असेल, त्यातली बारा सेकंदं चालली म्हणून ती लावली. हे मी स्वतः हजार वेळा होताना बघितलंय.

---

सातपूरचा_दादा:

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं.

चॅनलवाल्याला फोन केला, म्हणाला बाकीचं फुटेज ठेवत नाही आम्ही. ती म्हणते आधी मी दोघींचं नाव घेऊन चांगलं बोलले होते, खरं-खोटं देव जाणे, पण मला खरं वाटतंय. चौथीला फोन झाला, पंधरा मिनिटं खिदळत होत्या. मनमाड भाऊ थँक्यू. बुद्धिबळवाल्या सरांवर मात्र चिडलीय, म्हणते बसून खेळणाऱ्यांनी सांगू नये 😅

वहीचं ऐकलं तिने. काल वही आणली आणि मी गुपचूप चाळली (सांगू नका). मार्क कसले आहेत ते बघून जरा गडबडलो. ट्रेनिंगचे कमीच आहेत. "गोड खाल्लं नाही +१", "रात्री फक्त सूप +२", "वजन तेवढंच −२" असलं सगळं. हे पण नॉर्मल असतं का पळणाऱ्यांमध्ये?

---

फिजिओ_ताई_कॉलेजरोड:

इतके दिवस नुसती वाचत होते, पण हे वाचून लिहितेय. नाही, हे नॉर्मल नाही, आणि मुलाखतीचा विषय आता बाजूला ठेवा.

लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये हे खूप दिसतं. हलकी झाले की फास्ट पळेन असं डोक्यात बसतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला थोडे दिवस टाइम सुधारतो पण, म्हणून कोणालाच शंका येत नाही, उलट सगळे कौतुक करतात किती डिसिप्लिन आहे. मग शरीराला ट्रेनिंगपुरती पण एनर्जी उरत नाही, पाळी मागेपुढे होते नाहीतर थांबते, हाडं कच्ची होतात, नडगीला किंवा पायाच्या पंजाला स्ट्रेस फ्रॅक्चर येतं. याला रेड-एस म्हणतात, मुलांमध्ये पण होतं.

अमेरिकेची मेरी केन शोधा. तुमच्या बहिणीचाच इव्हेंट आणि तिच्याच वयाची होती, २०१३ ला मॉस्कोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला सतराव्या वर्षी १५०० ची फायनल पळाली. नंतर मोठ्या कोचिंग ग्रुपमध्ये गेली, तिथे वजन कमी कर म्हणून मागे लागले. २०१९ ला तिने स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तीन वर्षं पाळी नव्हती, पाच हाडं मोडली. तिचा तो व्हिडिओ बहिणीला दाखवा, पण तुम्ही दाखवू नका, एखाद्या सीनियर मुलीकडून दाखवा, भावाने दाखवला तर लेक्चर वाटेल.

---

जुना_क्रॉसकंट्री:

ताईंचं शंभर टक्के ऐक. मी वर एवढं पुराण लावलं आणि ही गोष्ट विचारायला पाहिजे होती ती राहिलीच, मार्क कशाचे ते. सरांनी दोन दिवस सुट्टी घे सांगितलं ते पण आता वेगळं वाटतंय मला, त्यांना काहीतरी दिसलं असेल. त्यांना भेटून वहीचं सांग. चिडणार नाहीत.

---

सातपूरचा_दादा:

ताई, आईला विचारलं. पाळीचं आईला पण नक्की माहीत नाही, म्हणते पोरगी सांगत नाही. डॉक्टर कुठला बघू, हाडाचा का लेडी डॉक्टर? आणि पळणं बंद करू का?

---

फिजिओ_ताई_कॉलेजरोड:

आधी लेडी डॉक्टर, शक्यतो स्पोर्ट्समधल्या मुली बघणारी. आईला पाठवा सोबत, तुम्ही बाहेर बसा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड बघायला सांगा, फेरिटिन मुद्दाम सांगा कारण नुसतं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की लोक निश्चिंत होतात. नडगीवर किंवा पायावर एकाच जागी दाबलं की दुखतं का ते विचारा, दुखत असेल तर त्याच दिवसापासून पळणं बंद आणि एक्स-रे साफ आला तरी भरवसा नको, सुरुवातीचं फ्रॅक्चर त्यात दिसत नाही, एमआरआय लागतो. दुखत नसेल तर डॉक्टर सांगेपर्यंत हळू जॉगिंग चालेल, पण स्पीडवर्क, म्हणजे जोरात पळायचा सराव, नको आणि वजनकाटा घरातून काही दिवस शेजारी देऊन टाका. वही फाडू नका. ट्रेनिंगनंतर अर्ध्या-एक तासात काहीतरी पोटात जायला पाहिजे, केळी, दूध, शेंगदाण्याचा लाडू, काहीही चालेल, घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही. तुम्ही सोडायला जाताच ना सकाळी, डबा तुम्हीच न्या.